यादी आणि संकल्प

गेल्या चातुर्मासातील एका रविवारी सायंकाळची आरती आटोपल्यावर आम्ही चारसहा जण मंडळाच्या सभागृहात बसलो होतो. तेवढ्यात आमच्या एका जुन्या सभासदांचा नातू तेथे आला. मुलगा हुशार आहे. येथील वीर नर्मद विद्यापीठाचा पदवीधर, आणि आज एका कापडाच्या कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर काम करतो. त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्या कागदावर क्रमांक घालून ४२ गोष्टी लिहिलेल्या होत्या. स्वतःचे घर, हिमालयातील पदयात्रा, जपानचा प्रवास, बासरी शिकणे, वजन दहा किलो उतरविणे, संपूर्ण ज्ञानेश्वरी वाचणे, आणि १७ व्या क्रमांकावर, आजीला पंढरपूरला घेऊन जाणे. कागद वाचून होताच त्याने विचारले, "गुरुजी, यांपैकी किती पुऱ्या झाल्या म्हणजे आयुष्य सार्थकी लागले असे म्हणावे?"

सभागृहात थोडा हशा पिकला. एक गृहस्थ म्हणाले की, वासनांची यादी करून त्या कधी संपतात काय? दुसऱ्यांनी सुचविले की, ४२ ऐवजी चारच ठेव, म्हणजे हिशेब सोपा होईल. मुलगा हसला, पण त्याचा चेहरा थोडा उतरला हे माझ्या ध्यानात आले. उभा जन्म प्राथमिक शाळेत गेल्यामुळे मला एक खोड जडली आहे. मुलाच्या प्रश्नाला कोणी हसले की तो प्रश्न घरी घेऊन जावा असे मला वाटते. हा लेख त्या प्रश्नापायीच लिहिला आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अशी यादी करणे हा काही थिल्लर उद्योग नव्हे. अमेरिकेतील जॉन गोडार्ड या मुलाने १९४० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, आपल्या आयुष्यात करावयाच्या १२७ गोष्टी एका कागदावर लिहून काढल्या. पुढे त्याने नाईल नदीचा प्रवास छोट्या होडीतून केला, डोंगर चढला, समुद्रात उतरला, आणि २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या यादीतील शंभराहून अधिक गोष्टी त्याने पुऱ्या केल्या होत्या. चंद्रावर जाणे हेही त्याने लिहिले होते. ते अर्थातच राहिले. अशा मनुष्याकडे पाहून कौतुक वाटते. आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य, काय करावयाचे होते हे कधी लिहूनच न ठेवल्यामुळे, काय राहिले हे न कळता संपते. यादी करणाऱ्याला निदान आपली थकबाकी ठाऊक असते.

परंतु आपल्या घरांत यादीहून जुनी एक गोष्ट आहे, ती म्हणजे संकल्प. साधी पूजा असली तरी भटजी आधी संकल्प सोडावयास सांगतात. त्यात संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार यांचा उच्चार होतो. मग देश, मग नदी, मग करणाऱ्याचे नाव व गोत्र, आणि सर्वांत शेवटी, काय करावयाचे ते. पुष्कळांना हा सगळा पाल्हाळ वाटतो व ते घड्याळाकडे पाहतात. मीही पाहत असे. १९७९ साली उधन्याला आमच्या लहानशा घराची वास्तुशांत झाली, तेव्हा भटजी खानदेशातून आलेले होते. संकल्प सांगताना सवयीने त्यांच्या तोंडी गोदावरीचे नाव येऊ लागले, आणि ते मध्येच थांबले. आम्ही आता तापीच्या काठी होतो. क्षणभर कोणालाच काही सुचेना. तेव्हा माझी आई ओट्यावरून म्हणाली, "तापीच म्हणा. गावाला तिच्याच खोऱ्यात होतो, अन् इथंही पाणी तिचंच पितो." भटजींनी तापी म्हटले व पूजा पुढे चालू झाली.

त्या दिवशी मला तो केवळ गमतीचा प्रसंग वाटला. संकल्पात एवढा पत्ता कशासाठी सांगावयाचा, हे पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले. मी, अमुक गोत्राचा, या नदीच्या काठी, आज, हे करीन. यातील 'आज' काढून टाकले तर संकल्प उरत नाही, उरते ती केवळ इच्छा. यादीत मात्र 'आज' हा शब्द कोठेच नसतो. तेथे सगळी कामे 'कधीतरी' या एकाच तिथीवर ठरलेली असतात, आणि ती तिथी कोणत्याच पंचांगात सापडत नाही.

सत्यनारायणाच्या कथेतील साधुवाणी आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. संतती झाली म्हणजे पूजा करीन असे तो म्हणाला. कन्या झाली, तेव्हा तिच्या लग्नात करीन असे म्हणाला. लग्न झाले, आणि तो व्यापाराला निघून गेला. लहानपणी ही कथा ऐकताना मला साधुवाण्याचा राग येई. आता तसा येत नाही. तो खोटे बोलत नव्हता. दर वेळी त्याच्या मनात पूजा खरोखरच करावयाची होती. आणि म्हणूनच ती पुढे ढकलणे त्याला इतके सोपे गेले, असे मला वाटते. ज्याच्या मनातच नसते त्याला स्वतःची समजूत घालावी लागत नाही.

येथे मला माझ्याविषयी थोडे लिहावे लागेल, त्याबद्दल वाचकांची क्षमा मागतो. १९७४ साली मी अमळनेरजवळच्या आमच्या गावाहून सुरतेस आलो आणि येथील एका मराठी शाळेत शिक्षक झालो. त्या वेळी वय सव्वीस. पहिल्या पगाराच्या दिवशी मी एका वहीत अकरा कलमे लिहिली. एम. ए. व्हावे, थोरल्या भावाचे ऋण फेडावे, स्वतःचे घर बांधावे, तापीत पोहावयास शिकावे, शांकरभाष्य मुळातून वाचता येईल एवढे संस्कृत यावे, पेटी शिकावी, अशा त्या गोष्टी होत्या. चौथे कलम होते, आईला काशीयात्रा घडविणे.

वही एका पेटीत राहिली. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला व शहराचा मोठा भाग बुडाला, हे येथील कोणीही विसरलेले नाही. आमच्या खालच्या खोलीत कमरेएवढे पाणी होते. ओसरल्यावर चिखलातून जे हाती लागले त्यात ती वही होती. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिची पाने मी वाळत घातली. पुष्कळशी शाई फुटली होती, तरी ते पान वाचता येत होते. एम. ए. पुढे खूण होती. भावाच्या ऋणापुढे खूण होती. घरापुढे होती. आणि काशीपुढेही होती.

ती खूण खोटी होती. आई काशीला कधीच गेली नाही. भुसावळला गाडी बदलली की पुढची वाट काही अवघड नव्हती. पैशाचीही एवढी अडचण नव्हती, निदान १९८० नंतर तरी नव्हती. एका वर्षी धाकट्याचे लग्न निघाले, एका वर्षी परीक्षेचे काम आले, एका वर्षी तिचे गुडघे दुखत होते म्हणून थंडी संपू द्यावी असे ठरले. तिने कधी आठवण करून दिली नाही. मी तिला सांगितलेलेच नव्हते की असे एक कलम माझ्या वहीत आहे. मनात होते की तिकिटे हातात ठेवून तिला चकित करावे. १९८९ च्या मार्गशीर्षात ती गेली. मी अस्थी घेऊन काशीला गेलो, विधी यथासांग केले, आणि परत आल्यावर त्या चौथ्या कलमापुढे खूण केली.

ही खूण करताना आपण काही लबाडी करीत आहोत असे मला वाटले नव्हते. यादीच्या दृष्टीने काम झालेच होते. आई काशीला पोहोचली होती. मात्र पुराने भिजलेल्या त्या पानावर ती खूण पुन्हा दिसली तेव्हा मला उमगले की, यादीचा आणि आपला हिशेब एक नसतो. यादी फक्त घडले की नाही एवढेच विचारते. ज्याच्यासाठी करावयाचे त्याच्या वाट्याला ते आले काय, हे विचारण्याची तिला सोय नाही.

त्या सायंकाळी मुलाचा कागद वाचताना मला आणखी एका यादीची आठवण झाली, आणि तिचा आपल्या सुरतेशी आडवळणाने का होईना पण संबंध आहे. ती यादी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची.

गोखल्यांचे नाव घेतले की आपल्यापुढे अंदाजपत्रकावर बोलणारे, आकडेमोडीत निष्णात, मोजून-मापून शब्द टाकणारे गृहस्थ उभे राहतात. ते फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत, आणि त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चाले. अशा मनुष्याने ५ फेब्रुवारी १८९८ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षात, स्वतःपुरता एक कागद लिहिला. श्रीगुरू दत्तात्रेयांच्या कृपेचे स्मरण करून त्याचा आरंभ केलेला आहे. नम्रतेने परंतु निश्चयाने पुढील गोष्टी साधण्याचा प्रयत्न करीन असे म्हणून त्यांनी चार कलमे मांडली. नियमाने योगाभ्यास करावयाचा. प्राचीन व अर्वाचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान, ज्योतिष म्हणजे खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि फ्रेंच भाषा यांचे चांगले ज्ञान संपादन करावयाचे. मुंबईच्या कायदेमंडळाचे, मग वरिष्ठ कायदेमंडळाचे, आणि त्यानंतर ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद व्हावयाचे आणि त्या सर्व ठिकाणी देशाचे हित साधावयाचे. आणि चौथे म्हणजे, अत्युच्च तत्त्वज्ञानावर उभारलेल्या धर्माचे प्रचारक होऊन तो धर्म साऱ्या जगाला सांगावयाचा.

हा कागद केव्हा लिहिला हे पाहिले म्हणजे मन थोडे थबकते. १८९७ साली ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले होते. साक्ष उत्तम झाली. पण तेथे असतानाच पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तातील सोजिरांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप जाहीरपणे केले. परत आल्यावर त्या आरोपांचा पुरावा देण्यास कोणी पुढे येईना, आणि त्यांनी सरकारची बिनशर्त माफी मागितली. एका बाजूने सरकारपक्ष त्यांना खोटा म्हणे, तर दुसऱ्या बाजूने स्वकीय त्यांना भित्रा म्हणत. सार्वजनिक जीवनातून हा मनुष्य उठला असे पुष्कळांना वाटले. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी त्यांनी हा कागद लिहिला. ज्याला आपल्याच शहरात मान वर करून चालणे कठीण झाले होते, तो पार्लमेंटचे आणि साऱ्या जगाला धर्म सांगण्याचे कलम लिहितो. कोणी तो कागद त्या वेळी पाहिला असता तर आमच्या सभागृहात पिकला त्याहून मोठा हशा पिकला असता.

आता त्या मुलाच्या रीतीने हिशेब करावा. १८९९ च्या अखेरीस गोखले मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले. १९०२ पासून ते वरिष्ठ कायदेमंडळात होते, आणि तेथील त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे सरकारलाही कान देऊन ऐकावी लागत. पार्लमेंटात ते कधी गेले नाहीत. त्या चौथ्या कलमातील अर्थाने धर्माचे प्रचारक ते झाले नाहीत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, एकोणपन्नासावे वर्षही पुरे होण्यापूर्वी, त्यांचा अंत झाला. म्हणजे यादीच्या मापाने पाहिले तर अर्धी यादी झाली, अर्धी राहिली. एवढ्यावरून गोखल्यांचे आयुष्य अर्धेच सार्थकी लागले असे म्हणण्यास कोणी धजेल काय?

पण गोखल्यांनी आणखीही एक कागद लिहिला, आणि मला महत्त्व वाटते ते त्या दुसऱ्या कागदाचे. १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना झाली. सभासद होणाऱ्याने सात प्रतिज्ञा घ्यावयाच्या होत्या. गोखल्यांनी त्या प्रथम स्वतः घेतल्या व मग आपल्या तीन सहकाऱ्यांना दिल्या. देशाला आपल्या विचारांत पहिले स्थान द्यावयाचे. सेवा करताना स्वतःचा लाभ पाहावयाचा नाही. जातपात व धर्म न पाहता सर्व हिंदवासीयांना भाऊ मानावयाचे. समाज देईल तेवढ्यात स्वतःचा व कुटुंबाचा निर्वाह करावयाचा. खासगी आयुष्य शुद्ध ठेवावयाचे. कोणाशीही वैयक्तिक भांडण करावयाचे नाही. समाजाच्या हेतूंना बाध येईल असे काही करावयाचे नाही.

दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावे. पहिल्यात मी काय होईन ते आहे. दुसऱ्यात, जे काही होईन ते कसा राहून होईन, ते आहे. पहिल्यातील प्रत्येक कलमापुढे कधी ना कधी खूण करता येते. दुसऱ्यातील एकाही प्रतिज्ञेपुढे ती कधीच करता येत नाही. 'कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही' हे पुरे झाले असे मनुष्याने कोणत्या दिवशी लिहावे? आज भांडलो नाही एवढेच फार तर म्हणता येते. व्रताला उद्यापन असते, पण या व्रताला उद्यापन नाही. आणि गंमत अशी की, या दुसऱ्या कागदातच 'आज' हा शब्द न लिहिता आलेला आहे.

या सहाव्या प्रतिज्ञेची परीक्षा आपल्या शहरात झाली. १९०७ ची काँग्रेस नागपूरला भरावयाची होती. नेमस्त पुढाऱ्यांनी ती सुरतेस आणली आणि तापीकाठी फ्रेंच बागेत मंडप उभा राहिला. हा बदल करणाऱ्यांत गोखल्यांचे अंग होते, आणि जहालांच्या मनात त्याविषयी राग होता. तो अगदी निष्कारण होता असे मला वाटत नाही. २६ डिसेंबरला गोंधळामुळे अधिवेशन तहकूब झाले. २७ तारखेस लोकमान्य टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर येऊन उभे राहिले. अध्यक्ष त्यांना बोलू देईनात, आणि ते खाली उतरेनात. एक दक्षिणी जोडा भिरभिरत आला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, आणि काही मंडळी टिळकांवर धावून गेली. नेव्हिन्सन नावाचे इंग्रज वार्ताहर त्या वेळी मंडपात होते. त्यांनी लिहून ठेवले आहे की, त्या क्षणी गोखले टिळकांच्या शेजारी दोन्ही बाहू पसरून उभे राहिले आणि त्यांनी येणाऱ्या हल्ल्यापासून आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला आडोसा दिला.

फ्रेंच बागेतील त्या क्षणाने १८९८ च्या यादीतील कोणतेही कलम पुढे सरकले नाही. काँग्रेस दुभंगली, ती नऊ वर्षे सांधली नाही. व्यवहाराच्या दृष्टीने तो दिवस गोखल्यांच्या पराभवाचाच होता. पण त्या सायंकाळी कोणी त्यांना विचारले असते की, आयुष्यातील काय साधले, तर दाखविण्याजोगे त्यांच्यापाशी काहीतरी खासच होते.

येथे मला एका गोष्टीची भीती वाटते. अशा कथा सांगताना आपण त्यांतील खाचखळगे भरून टाकतो व माणसाची मूर्ती करून मोकळे होतो. गोखले काही सुरतेनंतर टिळकांचे मित्र झाले नाहीत. १९१४ च्या अखेरीस दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र यावेत म्हणून वाटाघाटी चालल्या असता गोखल्यांनी भूपेंद्रनाथ बसूंना टिळकांच्या हेतूंविषयी एक खासगी पत्र लिहिले. ते बाहेर फुटले, आणि शेवटचे कित्येक आठवडे त्या कडवटपणात गेले. म्हणजे सहावी प्रतिज्ञा सुरतेत पाळली गेली आणि पुण्यात ती डळमळली. आणि तरीही, गोखले गेल्याचे कळताच टिळक सिंहगडाहून खाली आले आणि स्मशानभूमीत त्यांनी त्यांच्याविषयी गौरवाने भाषण केले. पूर्ण पाळली गेलेली प्रतिज्ञा मी तरी पाहिलेली नाही. पुन्हा पुन्हा घ्यावी लागणारी प्रतिज्ञा मात्र पाहिली आहे.

सुरतेचेच दुसरे उदाहरण कवी नर्मद यांचे. आमलीरानमधील त्यांचे घर वाचकांपैकी काहींनी पाहिले असेल. २३ नोव्हेंबर १८५८ रोजी त्यांनी मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडली आणि यापुढे लेखणीच्या आधारानेच राहीन असा निश्चय केला. चोवीस वर्षे तो पाळला. त्या काळात त्यांनी एकट्याने गुजराती भाषेचा कोश रचला, तो १८७३ मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाला. त्यात पंचवीस हजारांवर शब्द आहेत. कर्ज होत गेले. १८८२ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांना मुंबईच्या गोकुळदास तेजपाल धर्मादायात नोकरी धरावी लागली, आणि चार वर्षांनी ते गेले. त्यांच्या व्रताचा भंग झाला असे शुष्क नियमाने म्हणता येईल. मला तसे म्हणवत नाही. ज्यांना आपल्यावाचून आधार नाही अशा माणसांसाठी आपले आवडते कलम खोडणे, आणि आपल्या आळसासाठी दुसऱ्याच्या वाट्याचे कलम पुढे ढकलणे, या दोन गोष्टी यादीत सारख्याच दिसतात. दोन्ही ठिकाणी काम अपुरेच असते. पण पहिल्या मनुष्याला झोप लागते.

आपल्या भाषेत एक गमतीची गोष्ट आहे. संकल्प करताना आपण हातावरून पाणी सोडतो. आणि एखाद्या गोष्टीची आशा सोडून दिली तर तिच्यावर 'पाणी सोडले' असेच म्हणतो. दानाच्या वेळी पाणी सोडून वस्तूवरील आपला हक्क सोडावयाचा असतो, त्यावरून हा प्रयोग आला असावा. पण ओंजळ एकच, पाणीही एकच. एक गोष्ट खरोखर हाती घ्यावयाची तर इतर कित्येकांवर पाणी सोडावे लागते. ४२ कलमांच्या कागदावर ते सोडावयाचे राहून गेलेले असते.

कोणी म्हणेल, एवढे कशाला? सर्व ईश्वरावर सोपवावे, यादीही नको आणि संकल्पही नको. असे म्हणणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे मी पाहिली. एक, ज्यांनी खरोखरच सोपविले. त्यांच्यापुढे मी नमस्कार करतो. दुसरे, माझ्यासारखे, ज्यांनी आईची काशीयात्रा ईश्वरावर सोपविली आणि परीक्षेचे काम मात्र स्वतःकडे ठेवले.

पुढच्या रविवारी तो मुलगा पुन्हा भेटला. त्याचा प्रश्न, किती पुऱ्या झाल्या म्हणजे पुरे, याचे उत्तर माझ्यापाशी नाही असे मी त्याला सांगितले. गोखल्यांच्या दोन्ही कागदांची हकिगत सांगितली, ती त्याने लक्ष देऊन ऐकली. जपानला जरूर जा म्हटले. बासरी तर नक्कीच शीक म्हटले, कारण माझी पेटी राहिली ती राहिलीच. मग मी विचारले, "सतराव्या क्रमांकाचे आजीला ठाऊक आहे का रे?"

तो म्हणाला, "नाही गुरुजी. तिला सरप्राइज द्यायचं आहे."

मी त्याला माझी वही दाखविली. चौथ्या कलमापुढची खूण मी आता खोडली आहे, तीही दाखविली. त्याने ते पान बराच वेळ पाहिले. त्याची आजी नंदुरबारला धाकट्या मुलाकडे असते. सकाळच्या गाडीने निघाले तर दुपारच्या जेवणाला तेथे पोहोचता येते. तो गेला की नाही, हे मी अजून विचारलेले नाही.